पदवीचा हिशेब टनात मांडू या



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या कारखान्याच्या ऑफिसात दरवर्षी एक वेगळीच गर्दी सुरू होते. गळीत हंगाम संपलेला असतो, काटा बंद असतो, यार्डात एकही गाडी नसते. तरी सभासद येतात. कोणी पुढच्या उसावर उचल मिळेल का विचारतो, कोणी ठेव मोडायची म्हणतो, कोणी ऊसबिलाचा दाखला मागतो. काम सगळ्यांचे एकच असते, पोराचे ॲडमिशन. यंदा एक सभासद टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "अर्धा एकर काढायचा म्हणतोय. गिऱ्हाईक तयार हाय. पोरगं म्हणतंय इंजिनीअरिंगच करायचं, अन् ते बी पुण्यालाच. आता तुम्हीच सांगा, घालू का पैसं?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. चहा मागवला, जुन्या बिलाची पाठकोरी बाजू पुढे ओढली आणि त्यांच्याबरोबर हिशेब मांडायला बसलो. तोच हिशेब थोडा वाढवून यावेळच्या अभ्यासपाठात देत आहोत, कारण हा प्रश्न एका घरचा नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरे ऐकायला मिळतात ती दोन टोकांची. एक म्हणतो, "शिक्षणात घातलेला पैसा कधी बुडत नाही." दुसरा म्हणतो, "शिकून काय दिवे लावले? बी.ए. झालेला पोरगा पारावर बसून मोबाईल बघतोय." दोघेही आकडेमोड करीत नाहीत. खताचे पोते घेताना आपण चार दुकानांत भाव विचारतो. बेणे घेताना प्लॉट बघून येतो, डोळा तपासतो. आणि घरातला सर्वांत मोठा खर्च मात्र शेजारच्याचे बघून करतो!

आम्ही शिकण्याच्या विरोधात आहोत असा कोणी अर्थ काढू नये. आपली चळवळच मुळी शिकलेला आणि न शिकलेला एकत्र बसल्यामुळे उभी राहिली. प्रवरेचा पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा त्यामागे फारसे शालेय शिक्षण नसलेले विठ्ठलराव विखे पाटील होते आणि केंब्रिजला शिकून आलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते. एकाजवळ शेतकऱ्याचा विश्वास होता, दुसऱ्याजवळ विद्या होती. पुढे राज्यात ठिकठिकाणच्या कारखान्यांनी टनामागे कपात करून शाळा, वसतिगृहे, कॉलेजे काढली. म्हणजे पदवीला किंमत आहे हे सांगायला आमची गरज नाही. प्रश्न आहे तो कोणती पदवी, कोणत्या कॉलेजची, किती पैशाला आणि कोणासाठी, हा.

आता हिशेब. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत.

समजा पुण्यातल्या खासगी कॉलेजात फी वर्षाला १,२०,००० रुपये. खोली, मेस, जाणे-येणे धरून महिन्याला १०,००० प्रमाणे दहा महिन्यांचे १,००,०००. पुस्तके, परीक्षा फी, लॅपटॉपचा वर्षवार वाटा आणि किरकोळ २०,०००. झाले वर्षाचे २,४०,०००, म्हणजे चार वर्षांचे ९,६०,००० रुपये. त्यात एखादा विषय राहून वर्ष वाढले तर ते वेगळे.

हे टनात किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेली एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होती, आणि त्यापुढे दर ०.१ टक्का उताऱ्यास टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढ. तोडणी-वाहतूक वजा जाऊन आपल्या हातात टनाला ३,००० पडले असे धरू. आमच्या समोरच्या सभासदांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "तीनशेवीस टन. एकरी चाळीस धरला तर आठ एकराचा ऊस. जड हाय, पण चार वर्षांत जमंल."

इथेच बहुतेकांची चूक होते. बिलात आलेले ३,००० रुपये हे काही शिल्लक नव्हेत. त्यातून नांगरट, सरी, बेणे, लागण, खत, औषध, खुरपणी, पाणीपट्टी, वीजबिल आणि सोसायटीचे व्याज जाते. हे सगळे वजा करून टनामागे १,२०० रुपये हातात राहिले असे धरा (ज्याला जास्त राहतात त्याने आम्हाला कळवावे, त्याची मुलाखत छापू). आता ९,६०,००० भागिले १,२०० केले तर ८०० टन होतात. एकरी ४० टनाने वीस एकरांचे पीक! अडीच एकराच्या धन्याला सगळ्या रानातून दरवर्षी ऊस गेला तरी आठ वर्षांची सगळी शिल्लक. आणि दरवर्षी सगळ्या रानातून ऊस जात नाही हे तुम्हाला आम्ही सांगावे असे नाही. आडसाली धरली तर सोळा-अठरा महिने रान अडकते. त्या आठ वर्षांत घरी खाणे नाही, लग्नकार्य नाही, दवाखाना नाही, असे थोडेच आहे?

हा आकडा ऐकून ते सभासद जरा वेळ गप्प बसले. आम्हालाही बरे वाटले नाही. पण इतके मोठे झाड लावायचे तर खड्डा किती खोल घ्यावा लागतो ते आधी कळलेले बरे.

खर्चाची बाजू अशी झाली. आता जमेची. इथे दुसरी चूक होते. बाप म्हणतो, "पोरगा इंजिनीअर झाला की तीस हजार कमवील." बरोबर. पण पदवी नसती तर तो काहीच कमावणार नव्हता का? आय.टी.आय. करून फिटर झाला असता, डिप्लोमा केला असता, तरी काही तरी मिळालेच असते. तेव्हा पदवीची कमाई म्हणजे सगळा पगार नव्हे. दोन पगारांतला फरक. समजा डिप्लोमावाल्यास १८,००० आणि पदवीवाल्यास २८,००० मिळत असतील, तर फरक १०,००० महिना, वर्षाचा १,२०,०००. नऊ लाख साठ हजार आठ वर्षांत फिटतात आणि पुढची पंचवीस वर्षे फायद्याची. उत्तम सौदा! पण त्याच पदवीवर २१,००० ची नोकरी लागली तर फरक ३,००० चा, वर्षाला ३६,०००. मुद्दल फिटायला जवळजवळ सत्तावीस वर्षे. पदवी तीच, फी तीच. फरक पडतो तो कॉलेजचा, शाखेचा आणि पोराच्या तयारीचा. म्हणून "इंजिनीअरिंग परवडते का?" या प्रश्नाला उत्तर नाही. "या कॉलेजात, या शाखेत, आपल्या पोराला परवडते का?" याला आहे.

देशाचे आकडेही थोडे बघू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे की २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ते ३.४ टक्के होते. हा आकडा पुष्कळांनी भाषणात वापरला, आणि "बघा, न शिकलेला बरा" असा अर्थ लावला. तो अर्थ चुकीचा आहे. न शिकलेल्या पोराला बेकार बसणे परवडतच नाही. मिळेल त्या रोजावर तो दुसऱ्या दिवशी कामाला जातो, म्हणून तो बेकारांत मोजला जात नाही. पदवीधर थांबतो, वाट बघतो, घरचे पोसतात. थांबून चांगली जागा मिळाली तर थांबणे फळाला येते. पण किती वर्षे थांबायचे याची मुदत घरात कोणी ठरवत नाही, ही खरी मेख आहे.

या थांबण्याचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे स्पर्धा परीक्षा. आपल्या कार्यक्षेत्रातील किती मुले पुण्यात खोली करून अभ्यासिकेत बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेला दोनशेच्या वर. दोनशे हुशार पोरांतला एक लागतो, त्याची मिरवणूक निघते, फ्लेक्स लागतो. उरलेल्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही, म्हणून आपल्याला तो एकच दिसतो. परीक्षा द्याव्यात, जरूर द्याव्यात. पण बापाने आणि पोराने मिळून दोन वर्षे की तीन वर्षे हे आधीच ठरवावे, आणि मुदत संपल्यावर पुढे काय तेही. तिशी उलटल्यावर पोरगा गावी येतो तेव्हा त्याला फडात जायची लाज वाटते आणि कंपनी त्याला नवखा म्हणून घेत नाही. असे तरुण आमच्याकडे अर्ज घेऊन येतात. त्यांच्याकडे बघवत नाही.

अर्ज म्हटल्यावर थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. "पदवी होऊ दे, मग कारखान्यात चिकटवू" हा पुष्कळ सभासदांचा मनातला बेत असतो. कारखान्यात क्लार्कची जागा क्वचित निघते आणि साधी पदवी असलेले अर्ज ढिगाने येतात. आम्हाला माणूस सापडत नाही तो दुसरीकडे. चांगला वेल्डर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंटचा माणूस, पॅनवर बसून दाणा ओळखणारा पॅनमन, बाष्पके संचालनालयाची परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट. हंगाम तोंडावर आला की यांच्यासाठी आम्ही चार कारखान्यांना फोन लावतो. हंगामी असले तरी या माणसांना काम शोधत फिरावे लागत नाही. गळीत संपले की दुरुस्तीच्या कामावर ते दुसरीकडे जातात. यातली कितीतरी कामे आय.टी.आय. नंतर शिकाऊ उमेदवारी करून शिकता येतात, आणि १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते. फी भरून नव्हे, विद्यावेतन घेऊन शिकणे!

पण उलट बाजूही सांगतो. जिथे पदवी लागते तिथे लागतेच. आपल्या लॅबोरेटरीत केमिस्ट व्हायचे तर रसायनशास्त्राची बी.एस्सी. हवी, आणि त्यावर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचा साखर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम केला की मुलगा पुढे चढत जातो. ही बी.एस्सी. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात घरी राहून, इंजिनीअरिंगच्या एका वर्षाच्या खर्चात तिन्ही वर्षे होते. तेव्हा स्वस्त पदवी म्हणजे हलकी पदवी नव्हे. आणि तालुक्यातली तीच पदवी नुसती हजेरी लावून, गाईड पाठ करून घेतली तर फुकट मिळाली तरी महाग आहे, कारण पोराची तीन वर्षे गेली.

महाग पदव्यांचा बाजार कसा वाढला हेही ध्यानात घ्यावे. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जात. तो पैसा आणि ती मुले इथेच राहावीत हा हेतू होता, आणि खेड्यातली हजारो मुले त्यामुळे इंजिनीअर झाली हे खरे आहे. पुढे कॉलेजे इतकी झाली की जागा रिकाम्या राहू लागल्या. केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने २०२० पासून काही वर्षे नवी कॉलेजे देणेच बंद केले होते. जागा रिकामी असली की कॉलेजचा माणूस गावोगाव फिरतो, जेवायला बोलावतो, शंभर टक्के नोकरी म्हणतो. अशा माणसाचे ऐकू नका असे आम्ही म्हणत नाही. त्याला लेखी द्यायला सांगा. देणगी घेणे तर १९८७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. प्रत्येक खासगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून जाहीर करते. सांगितलेली फी त्याच्याशी ताडून पाहावी.

आता त्या अर्ध्या एकराकडे वळू.

आम्ही लपवणार नाही: नुसत्या आकड्याने पाहिले तर जमीन विकणे तितके खुळेपणाचे ठरत नाही. अर्धा एकर वर्षाला वीस टन देतो, वरच्या हिशेबाने शिल्लक २४,०००. त्याचे नऊ-दहा लाख येत असतील तर बँकेत ठेवूनही व्याज जास्त मिळेल. पण विकलेली जमीन पोरगा इंजिनीअर झाला तरी त्याच बांधाला परत मिळत नाही. आणि पदवी फसली तर बाकी घराला उभे राहायला तेवढे रान कमी. म्हणून आधी दुसरे दार ठोठवावे. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण घ्यावे लागू नये अशी हमी योजना केंद्राने २०१५ साली आणली आहे. कर्जाची फेड शिक्षण संपून साधारण एक वर्षाने सुरू होते. निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर २०२४ ची प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनाही बघावी. तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत ठेवली आहे.

कर्ज म्हणजे फुकट नव्हे, हेही मांडू. सहा लाखांचे कर्ज, दरसाल दीड लाख असे चार हप्त्यांत उचलले, व्याज दहा टक्के. फेड सुरू होईपर्यंत साधे व्याज चढते: पहिल्या दीड लाखाचे पाच वर्षांचे ७५,०००, दुसऱ्याचे ६०,०००, तिसऱ्याचे ४५,०००, चौथ्याचे ३०,०००. बेरीज २,१०,०००. म्हणजे पोरगा नोकरीला लागतो तेव्हा डोक्यावर ८,१०,००० असतात, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,७००. पहिला पगार २०,००० असला तर खोली-मेसला नऊ हजार उरतात, आणि गावाकडे पाठवायला काहीच नाही. हेच व्याज बापाने शिकता शिकता दर महिन्याला भरत नेले तर हप्ता ८,००० च्या आत येतो. पहिल्या वर्षी महिन्याला सव्वा हजार, शेवटी पाच हजार. दुधाच्या पगारातून निघण्यासारखे. मात्र कर्जावर बापाची सही असते हे विसरू नये. हप्ते थकले तर त्याच्या पीककर्जाच्या वेळी ते पुढे येते.

सवलती सोडू नयेत. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी फी सुटते. आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की या सगळ्यावर पाणी सोडावे लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेयरचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा. जुलैत तहसिलीपुढे रांग असते.

मुलींचा विषय निघाला म्हणून एक मनात सलणारी गोष्ट लिहितो. आपल्या घरांत मुलासाठी जमीन निघते आणि मुलीला "गावातलं बी.ए. कर, लग्नापुरतं" म्हणतात. मार्क मात्र बऱ्याच वेळा तिला जास्त असतात. मुलाच्या पदवीतही लग्नाचा हिशेब असतोच. शेतकरी नवरा नको म्हणतात म्हणून दहा लाख घालून पोराला इंजिनीअर करायचे, हे आम्हाला ऑफिसात खासगीत सांगितले जाते. त्या समोरच्या सभासदांना आम्ही सहज विचारले, "धाकटी काय करते?" म्हणाले, "यंदा बारावी सायन्स, ब्याऐंशी टक्के." आणि थोरल्याला? "एकसष्ट." आम्ही पाठकोऱ्या कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "हिच्या फीचं माफीचं काय म्हणालात ते परत सांगा."

अर्ध्या एकराचा व्यवहार त्यांनी अजून केलेला नाही. थोरला पुढच्या आठवड्यात दोन कॉलेजांत स्वतः जाणार आहे. त्याला आम्ही विचारायचे प्रश्न लिहून दिले आहेत: गेल्या वर्षी या शाखेतून किती मुले पास झाली, त्यांतील किती जणांच्या हातात नेमणुकीची पत्रे पडली, मधला पगार किती होता (सर्वांत मोठा नव्हे), वर्षानंतर त्यातली किती टिकली, आणि केंद्रीभूत प्रवेशातून किती जागा भरल्या. उत्तर ऑफिसातून न घेता गेटबाहेर चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून घ्यायला सांगितले आहे. धाकटीचे दाखले काढण्यासाठी त्यांना ऊसबिलाचा दाखला हवा होता. तो त्याच दिवशी अकाउंट्स विभागातून दिला. इतर कोणा सभासदाला लागत असल्यास गटनंबर व शेअर नंबर घेऊन यावे, दुपारी चारपर्यंत दिला जाईल.